कुलगुरूंच्या नावानं

१४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीला आणि पोरांना माझी आठवण सांग. आईचे गुडघे कुरकुरतातच, पण परवा तिनं स्वतःहून बाबांचं कपाट आवरलं. प्रयोगशाळेच्या काचनळ्या भट्टीवर वाकवताना ते घालायचे, तो काळा चष्मा सापडला. पुसून तिनं तो होता तिथंच ठेवला.

सात महिने झाले, तुझा फोन नाही. तुझा राग रास्तच आहे. विमानतळावर रांगेत उभं असताना मोबाइलवर स्वतःच्या बापाला वाहिलेली श्रद्धांजली वाचावी लागली तुला, तीही कुलगुरूंच्या फेसबुक पानावर. तू विचारलंस, तेव्हा मी म्हणाले, "ऑफिसातून कुणीतरी टाकली." तू विद्यापीठाकडे तक्रार केलीस.

दादा, ती पोस्ट मी टाकली होती.

कुलगुरूंचं सगळं मीच लिहिते, हे तुला ठाऊक आहे. त्या सकाळी डॉक्टर बाहेर आले, तेव्हा मी ठरवलं होतं, तुला विमानात बसू द्यायचं, घरी आलास की सांगायचं. तेवढ्यात कुलगुरू सरांचा फोन आला. "तीस वर्षं नोकरी केली त्यांनी इथं. कर्मचारी संघटनेच्या आधी आपली श्रद्धांजली यायला हवी. जमेल ना तुम्हाला?"

"हो सर," म्हणाले. जिन्यात बसून चार ओळी लिहिल्या. 'माझ्या घरातला माणूस गेला.' सर बाबांना एकदाही भेटले नव्हते. खरं सांगते, लिहिताना डोळ्यांत टिपूसही नव्हतं. पोस्ट गेली, आणि मग तू आठवलास.

तुझ्या तक्रारीवर चौकशी झाली. पासवर्ड दोघांकडेच, मी आणि आमचा फोटोग्राफर. तो कंत्राटी. त्याला घरी बसवलं. निघताना माझ्या टेबलापाशी थांबला. "ताई, तुमच्यावर असा प्रसंग आणि त्यात हे. पण मी नाही हो टाकली."

"माहीत आहे," एवढंच बोलले मी. सरांनाही माहीत होतं. आम्ही दोघंही मूग गिळून बसलो.

काल सगळं लिहून सरांपुढे ठेवलं. ते म्हणाले, "आता कशाला जुनी मढी उकरता?" मी कागद उचलला नाही. नोकरी राहीलसं वाटत नाही. मग फोटोग्राफरच्या घरी गेले. तो कामासाठी परगावी गेलाय. बायकोनं दारातच सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं.

एक सांगायचं राहिलं. शेवटी बाबांनी विचारलं होतं, "पोरगा निघाला का?" मी म्हणाले, "निघाला." ते हसले, दादा. त्या दिवशी तुला फोन करून आधी हे सांगायला हवं होतं.

माफ कर, असं लिहायला हात धजत नाही.

अजूनही तुझीच म्हणवून घेणारी,
धाकटी