मुरलेलं सायडर

वारूळवाडी, ता. ८ जानेवारी २०२५

ती. प्रयागआत्यास,
श्रेयाचा सा. न. वि. वि.

फोन करता येत नाही, कारण सासरे, म्हणजे आमचे अण्णा, दिवसभर ओसरीवर असतात आणि त्यांचे कान फार तिखट आहेत. म्हणून हे पत्र दुधाच्या टेम्पोबरोबर धाडते. वाचून चुलीत घाल.

तुझ्या जावयानं, आदेशनं, सफरचंदांची पेटी आणली आणि मी मोबाईलवर बघून सायडर करायला घेतलं. सफरचंदाचा रस, दालचिनी, लवंग, सुंठ. उकळायचं आणि गरम प्यायचं, बस. पण तू म्हणालीस, मुरल्याशिवाय मसाला चव धरत नाही. मग मी कच्च्या रसात गूळ घातला, बरणीला फडक्याचा दादरा बांधला आणि लोणच्यासारखी दहा दिवस चुलीशेजारी ठेवली.

काल ओसरीवर दारूबंदी समितीची बैठक होती. अण्णा अध्यक्ष. मी कौतुकानं बरणीतलं कोमट करून सगळ्यांना दिलं. ठमाबाईंनी तीन पेले घेतले आणि असं ग्वाड लई दिसांत प्याले न्हाई, म्हणून माझी दृष्ट काढली. ज्ञानेश्वरभाऊंनी एकच ठराव चार वेळा वाचला आणि चारही वेळा तो टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. मग मी बरणीचा वास घेतला. चक्क दारू, आत्या!

महिनाअखेरीस बचत गटाच्या जत्रेत हेच विकायला स्टॉल लावायचा होता. अण्णांनी मोठ्या मनानं हो म्हटलं होतं. आता कळलं तर स्टॉल जाईल आणि गावात त्यांचं हसं होईल. सांगू की गप्प बसू?

लोभ आहेच, या खेपेला थोडी अक्कलही पाठव.
तुझी, श्रेया

निरगुडसर, ता. १० जानेवारी

चि. सौ. श्रेयास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र गोठ्यात वाचलं आणि एवढी हसले, की बुजून म्हशीनं पान्हा चोरला. चूक माझीच गं. लोणच्यात मीठ असतं म्हणून ते मुरतं. तुझ्या बरणीत गूळ, ते आंबलं.

पण सांगू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझे सासरे सयाजीराव सुपारीसुद्धा खात नाहीत, त्यांना काय कळतंय? गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणणार होते, पण व्याही पडले.

थोरांस नमस्कार, समितीस जरा लांबून.
तुझी, आत्या

वारूळवाडी, ता. १३ जानेवारी

सौ. विहीणबाई प्रयागबाई यांस,
सयाजीचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र टेम्पोवाल्यानं सूनबाईऐवजी माझ्या हाती दिलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे कळतं, पण आपलं नाव दिसल्यावर डोळे थांबेनात. पुन्हा घडी घालून तिला दिलं आहे. गाढव मान्य. चवीबाबत मात्र तुम्ही चुकलात.

आदेश पाच वर्षांचा होईस्तोवर मी रोज पीत होतो. जुनी माणसं ते विसरली, नव्यांना ठाऊक नाही. त्या दिवशी पहिल्याच घोटाला ओळखलं. बावीस वर्षांनी! खोटं कशाला सांगू, सगळा पेला प्यावासा वाटला. म्हणून तो गुपचूप कुंडीत ओतला. फार भ्यालो, विहीणबाई, आणि हे आजवर कुणाजवळ बोललो नाही.

पोर त्या दिवसापासून मान खाली घालून वावरते आहे. मी काही बोललो तर तिला वाटेल, रागावलो. म्हणून तुम्हीच कळवा, की स्टॉल लावायचाच. रस खळखळून उकळायचा, मुरवायचा नाही. आणि पहिला पेला अण्णांना द्यायचा. सगळ्यांच्या देखत, तळापर्यंत पिणार आहेत.

थट्टा चालू ठेवा, लोभही ठेवा.
आपला, सयाजी