चौदा सूचना

अण्णा,

आमच्या घरी नवा मिक्सर आला आहे आणि माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. सोबतच्या चाळीस पानी पुस्तिकेत विजेचा धक्का, ओले हात, लहान मुलं, सगळ्यांचा यथासांग समाचार घेतलाय. फक्त झाकण कसं उघडायचं तेवढं राहिलंय. तीन दिवस चटणी पाट्यावर वाटली जातेय आणि सौभाग्यवती माझ्याकडे अशा बघतात, जणू ती पुस्तिका मीच लिहिली. मी हसलो, आणि मग आठवलं. तसलं मी खरंच लिहिलंय, तुम्हाला ठाऊक आहे.

नव्वदच्या दशकातले दिवस. मार्केट यार्डाजवळचं तुमचं शेतीऔषधांचं दुकान, आणि मराठीत एम.ए. होऊन तिथे माहितीपत्रकं लिहिणारा मी. तुमची परीक्षा ठरलेली. गिऱ्हाइकाच्या हातात पत्रक द्यायचं, वाचून झालं की काढून घ्यायचं, चहा पाजायचा, आणि कप खाली ठेवला की विचारायचं, "बोला, काय वाचलं?" जे त्याला सांगता आलं नाही ते आपण लिहिलंच नाही, असं तुम्ही धरायचात.

त्या ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी झाल्यावर काडीला लावायचं औषध आलं. काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून मजूर ते हाताने लावत. त्यानंतर दारू पोटात गेली तर माणूस जिवाला मुकू शकतो. मी चौदा सूचना लिहिल्या, एकेक घोटून. अकरावी होती, 'औषध हाताळणीच्या काळात मद्यपान वर्ज्य करावे.' निफाडच्या एका बागायतदाराला तुम्ही पत्रक दिलंत. चहा संपवून तो म्हणाला, "हातमोजे घाला, चष्मा लावा, आन् ते, पोरांपासून लांब ठेवा. बाकी लय भारी लिहिलंय हां." तुम्ही माझ्याकडे वळलात. "पंडित, दारूचं काय झालं? ते एकटं वर घे, मोठ्या अक्षरात. बाकीचं टाक मागच्या बाजूला." मी हो म्हणालो आणि छापखान्यात होता तोच मजकूर दिला. पत्रकाच्या माथ्यावर दारू आली तर माझ्या भाषेची शोभा जाईल, असं मला वाटलं. तुम्ही नात्यातल्या लग्नाला गावी गेला होतात. परत येईपर्यंत निम्मे गठ्ठे वाटून झाले होते.

पाच-सहा दिवसांनी, भरदुपारी, मजुरांच्या टोळीचा मुकादम धापा टाकत दुकानात शिरतो. हरसूलकडच्या टोळीतला एक गडी औषध लावून बांधावर बसला, चार घोट घेतले आणि तोंड लालबुंद होऊन आडवा पडला. टेम्पोत घालून सिव्हिलला आणलाय. आपण दोघं स्कूटरवरून जातो. व्हरांड्यात त्याची बायको उकिडवी बसलीय, हातात माझं पत्रक. तिला वाचता येत नाही. ती मलाच विचारते, "दादा, ह्यात लिवलं व्हतं का?"

"हो," मी म्हणतो. "अकराव्या नंबरला."

ती मुकादमाकडे बघते. तो मान खाली घालतो. "सहा वाचल्या बाई. मंग गडी जांभया द्यायला लागले."

आतून त्याच्या श्वासाचा आवाज येतोय, लाकूड कापल्यासारखा. तो मरेल याची भीती होतीच, अण्णा. पण तो मेला तर हे कोणी लिहिलं म्हणून विचारतील, याची जास्त होती. डॉक्टर पत्रक हातात घेऊन विचारतातही, "कोणाचं हे?" तुम्ही म्हणता, "माझं. चूक माझीच." मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत राहतो.

दिवे लागायच्या सुमाराला तो बोलायला लागला. त्याची बायको डोळे पुसून तुम्हाला म्हणाली, "असं लिवा ना शेठ. औषध लावलं, आठ दिस दारू नाय. पेला त मेला. एवढं त माझी पोरं बी ध्यानात ठेवतील." तुम्ही तेवढंच छापलंत, तिच्याच शब्दांत, बाकी पान कोरं. पुढच्या हंगामात बाया ते बागेत वेलींच्या एका ओळीतून दुसऱ्या ओळीत ओरडून सांगायच्या आणि गडी वैतागायचे. मला तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत. शिव्या दिल्या असत्यात तर बरं झालं असतं.

पुढे मी लोकांची टर उडवणारं लिहून पोट भरायला लागलो. त्यात कोणी दगावत नाही.

गेल्या आठवड्यात तुमच्या मुलाचा फोन आला. दुकान आता तो बघतो. एका नव्या औषधाचं पत्रक हवंय. म्हणाला, "काका, नीट बघा हं. बाबांनी एकदा भलतंच छापलं होतं, माणूस जाता जाता वाचला. आई अजून काढते तो विषय." मी म्हणालो, "हो, हो."

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. तुम्ही हयात असतात तर लिहिलंही नसतं, इतका मी भित्रा. पण आज सकाळी त्याला फोन लावला आणि म्हणालो, "तुझ्या बाबांनी मला ते बदलायला सांगितलं होतं. मी बदललं नाही. चूक माझी होती."

मग त्याने विचारलं, "आईला सांगू?"

"तिला फोन दे," मी म्हणालो.