शहराचा वाटा वाढला, त्याची हकीकत

२० एप्रिल १९९८

वडील बंधू वारलूदादा यांस धाकट्या दसरूचा पायावर डोकं ठेवून जोहार. सोमारी वैनीले जोहार, पोराईले पापा. मी इथी खुशाल आहो. तुमचा गुडघा कसा आहे? गाय व्याली का? (गुरुजी, पत्र वाचून दाखवता म्हणून तुम्हालेही जोहार. कंसातलं मनातल्या मनात वाचा.)

दादा, रस्ता पुरा झाला का ठेकेदार मले मुकादम करणार, असं मी मागं लिहिलं होतं. तो रस्ता आता नाईच. जुना खोदून टाकला, नवा आला नाई. जाफरभाई रस्त्याच्या काठी ट्रंका विकतात. त्यांच्या दुकानात जायले गिऱ्हाईक आधी खड्ड्यात उतरते, मग शिडीनं चढते, आणि ट्रंक घेऊन परत उतरायचं आहे हे ध्यानात आलं का नुसता भाव विचारून जाते. जाफरभाई मले रोज चहा पाजतात आणि रोज विचारतात, "काऊन बे दसरू, माझ्या पोरीची बारात याच खड्ड्यातून आणू का?"

काम थांबलं त्याचं कारण कामावरच्या सायबानं सांगितलं. खर्चाचे दोन वाटे सरकारचे, एक शहराचा. डांबर महागलं, गिट्टी महागली, म्हणून शहराचा वाटा वाढला, आणि शहर काही तो देऊन नाई राह्यलं. मी म्हणलं, एवढंच? आपल्या गावात पावसानंतर वाट नीट करतो तवा घरटी एक माणूस येते. काम वाढलं का घरटी दोन. जो येत नाई तो कोंबडा देते. (गुरुजी, तुमचे मागल्या साली दोन झाले होते.) शहराले कोणी नीट सांगितलंच नसंल, असं मले वाटलं.

म्हणून रविवारी सकाळीच मी गल्लीगल्लीनं हाका देत फिरलो, "शहराचा वाटा वाढला! घरटी दोन माणसं, फावडा-घमेलं घेऊन या, नाई तर कोंबडा द्या!" अंगात ठेकेदारानं दिलेली खाकी होती. लोकाईले वाटलं सरकारी हुकूम आहे. आणि दादा, शहर आलं! पण फावडा घेऊन एक म्हातारा तेवढा आला, बाकी समद्याईनं कोंबडेच आणले. मागल्या गल्लीतल्या आबिदाबाईनं तर दोन आणून दिले आणि पावती मागितली.

दहा वाजता सायब आले तवा खड्ड्यात साठेक कोंबडे फिरत होते. "दसऱ्या, हे काय आहे?" मी म्हणलं, "सायेब, शहराचा वाटा." सायब डोकं धरून रोलरवर बसले. मग कोंबडे वापस करायचा हुकूम झाला. दुपारपर्यंत तेच चाललं. आबिदाबाईनं आपले दोन कोंबडे ओळखून नेले, घरी ठेवून परत आल्या आणि आणखी दोन ओळखले. सायब मले म्हणाले, "उद्यापासून येऊ नको." पण ते तापट आहेत, मनाचे चांगले आहेत. त्यांची समजूत मी काढली. बाकी इकडची काही काळजी करू नका. मले काही पाहिजे नाई.

ता. क. एक बारीक गोष्ट राह्यली. सायब म्हणतात, जुन्या मजुरीत माणसं भेटली तर काम सुरू करतो, पण इथले मजूर त्या मजुरीत येऊन नाई राह्यले. मी सायबाले म्हणलं, माझ्या एका शब्दावर माझ्या गावचे चाळीस जण येतील. चाळीस आले तर मी मुकादम, नाई तर माझं बोचकं बाहेर. मोहफुलं आटोपली असतील, तेंदूपत्त्याले अजून वेळ आहे. मजुरी रोजच्या रोज. (गुरुजी, हे मोठ्यानं वाचा.)

ता. क. २. गावात माणसं एकतीसच आहेत हे मले ठाऊक आहे. वैनीच्या माहेराहून नऊ घ्या.

ता. क. ३. मोटार बुधवारी सकाळी मोठ्या सडकेवर येते. तिथपर्यंत आपल्याकडून रस्ता नाई, म्हणून शहराचा रस्ता करायले सोमवारीच निघा.

तुमचा
दसरू