एकवीस नंबरच्या प्लॉटवरची टिटवी

१६ एप्रिल
एकवीस नंबर पुन्हा विकला गेला. लेआउटमधला शेवटचा रिकामा प्लॉट. मूळ विकला तो मीच, पण घेणाऱ्याने इतकी वर्षं तसाच पडू दिला होता.
नवे मालक आज टेप घेऊन आले. प्रशांत आणि वैशाली, मूळचे उमरेडकडचे. तो लकडगंजात धान्याच्या ठोक दुकानात, ती दवाखान्यात नर्स. चार वर्षांची मिठू कडेवर. प्रशांत मोजायला आत शिरला आणि टिटवी त्याच्या डोक्यावर अशी झेपावली की तो मटकन खालीच बसला. मी शेजारी, आमच्या गच्चीवरून ओरडलो, "हलू नको गा! पायाखाली पाह्य!"
खडीत चार अंडी. मातीच्याच रंगाची, वर काळे ठिपके. त्याचा बूट वीतभर दूर.
अक्षय तृतीयेला भूमिपूजन, दुसऱ्या दिवशी जेसीबी. म्हणजे अजून दोन आठवडे.

१७ एप्रिल
घरात सुमन सकाळपासून मागे लागली आहे. "तुम्ही बोला त्याईले. महिनाभर थांबा म्हना."
कोणत्या तोंडाने बोलू? हे वावर माझं होतं. संत्र्याची बाग मी उभ्याने तोडून घेतली. जबरदस्ती कोणी केली नाही. पोरींची शिक्षणं होती, भावाचा हिस्सा होता, आणि खरं सांगायचं तर कंटाळलोही होतो. तेव्हा नाल्याला पाणी होतं, सशांचा त्रास व्हायचा. आता नाल्यावर स्लॅब आहे आणि त्यावर गाड्या लागतात.
चाळीस घरं झाली. एकही माणूस वाईट नाही. कोणी आजारी पडलं तर अर्ध्या रात्री धावून येतात. पण सगळे मिळून...

२१ एप्रिल
बेचाळीस डिग्री. टिटवी अंड्यांवर उभी राहून सावली धरते. जोडीदार आला की ती जाते, पोट भिजवून येते आणि ओल्या पोटाने बसते. पाणी कुठून आणते ते आज पाहिलं. तीन गल्ल्या सोडून गाड्या धुतात, तिथलं. साबणाचं.
घमेल्यात पाणी भरून प्लॉटच्या कोपऱ्यात ठेवलं. दिवसभर ढुंकून पाहिलं नाही तिने.

२२ एप्रिल
घमेलं सुमनने दहा पावलं मागे सरकवलं. "तुमच्या अंगणात नाई, तिच्या अंगणात ठेवून राहिले तुम्ही. तिले भेव वाटते." दुपारी आली. पोट बुडवलं. सुमन खिडकीत लहान पोरीसारखी टाळ्या वाजवत होती. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिला असं क्वचितच पाहिलं.

२५ एप्रिल
रात्री कुत्र्यांनी एक अंडं खाल्लं. उकिरडा वाढला तशी कुत्री वाढली. तीन उरली. भोवती विटा लावल्या, बोरीच्या काट्या टाकल्या. टिटवीने माझं टक्कल दोनदा फोडायचं बाकी ठेवलं.

२७ एप्रिल
मी बोललो नाहीच. सुमन बोलली. वैशाली एकटी आली होती, ड्यूटीवरून सरळ, चहाला बसवली. सुमनने सगळं सांगितलं.
वैशालीने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "काकू, आमच्या खोलीले खिडकी नाई. मिठू रात्री घामानं उठून बसते. घरमालकानं जूनअखेर खोली मागितली आहे. ठेकेदार आत्ता मोकळा आहे, गेला का पावसाळ्यानंतरच येईन."
  तिचं एकही वाक्य खोटं नव्हतं.
जाताना ती प्लॉटशी थांबली. उन्हात उभी राहून पाहत होती. टिटवी ओरडली, पण उठली नाही. मग मला विचारलं, "काकाजी, इतक्या तापात ती बसूनच राहते?"
"आळीपाळीनं. दोघं."
"आमच्यासारखंच की."

३० एप्रिल
भूमिपूजन झालं. खड्डा कोपऱ्यात घेतला, अंड्यांपासून लांब. भटजींना टिटवीच्या ओरडण्यात मंत्र ऐकू जाईनात. प्रशांतचे वडील उमरेडहून आले होते, जुने शेतकरी. अंडी पाहून खूश. "उंचवट्यावर घातले. पानी चांगलं होते औंदा."

१ मे
जेसीबी आला. मी घरात दार लावून बसलो. मग वैशालीचा आवाज, मोठा. रजा टाकून आली होती. ठेकेदाराला सांगत होती, "पायाचे खड्डे मागून सुरू करा. हा समोरचा कोपरा शेवटी."
"ताई, असं उलटं कोनी करते का? माल कुठून आणू?"
"काकाजींच्या फाटकातून."
मला विचारलंही नव्हतं. मी जाऊन फाटक काढून ठेवलं. सुमनची जास्वंद गेली त्यात. तिने कुंड्या तेवढ्या उचलल्या.

९ मे
मागे कॉलम उभे राहिले. मिस्त्री पिवळं फडकं डोक्याला बांधतो, त्याला टिटवी काही करत नाही. ठेकेदार दिसला की झेपावते. ओळखते. मिठू विटांबाहेर उकिडवी बसते, "बाळ झालं का?" रोज तेच. तिला आंब्याची फोड, रोज तीच.

१७ मे
सकाळी दोन पिल्लं बाहेर आली. दहाच्या सुमारास तिसरं. कापसाच्या बोंडाला पाय फुटावेत तशी. वैशालीला फोन केला, ती वॉर्डात होती. "तिन्ही?" एवढंच विचारलं. मिठूला प्रशांतने खांद्यावर घेऊन दाखवलं. त्याचे डोळे भरले होते, धुळीने म्हणाला.

१८ मे
उजाडताच टिटवीची जोडी पिल्लांना घेऊन निघाली. पिल्लं उडत नाहीत, चालतात. पण जायचं कुठे? आजूबाजूला घरांची कंपाउंडं. शेवटी फाटक नसलेल्या आमच्या अंगणातून, रस्त्याकडे. मी चड्डी-बनियनवर रस्त्यात उभा, दोन्ही हात पसरून. दूधवाला थांबला, शाळेची नाही पण क्लासची पोरं स्कूटीवर थांबली. कोणी हॉर्न दिला नाही. एक पोरगी म्हणाली, "बाप्पा! किती छोटे आहेत!" शेवटचं पिल्लू रस्त्याच्या मधोमध बसलं. आई वरून हाका मारते, हे बसलेलंच. सुमनने पदराने वारा घालून उठवलं.
रस्त्यापलीकडे नामदेवच्या वावरात शिरली. या बाजूला तेवढंच वावर उरलं आहे.
दुपारपर्यंत समोरच्या कोपऱ्याचे खड्डे झाले.

२९ मे
नामदेवच्या वावरात चुन्याच्या रेषा. लाल फडकी बांधलेल्या काड्या.

३० मे
नामदेवकडे गेलो. लहानपणी एकाच नाल्यात डुंबलो आम्ही. सगळं सांगितलं. म्हटलं, पिल्लं उडेपर्यंत यंत्र नको घालू. तीन आठवडे.
तो पान लावत होता. "तू इकलं तवा मी काही बोललो का गा?"
"नाही."
"माह्या घरात तीन पोरं, तीन सुना, नातवंडं. एका चुलीवर भागत नाई आता. मीबी इकतो तर तुले काहून तरास होते?"
"तरास नाही. विचारून राहिलो."
"बरं, समज थांबलो तीन आठवडे. मग पुढच्या साली ते पाखरू कुठी जाईन? तेबी सांग."
 उठलो. फाटकापर्यंत गेलो तर मागून आवाज, "अरे, हायत कोन्या बाजूनं? दाखवून तं जा."
दोघं वावराच्या धुऱ्यावर, बांधावर जाऊन बसलो. पिल्लं दिसली नाहीत, नुसती टिटवी ओरडत होती. नामदेव डोळ्यांवर हात धरून पाहत राहिला. थांबणार की नाही, ते मी विचारलं नाही.