एका पानाचं सर्टिफिकेट

१२ मे, सोमवार. पामर्स्टन नॉर्थ.

आज क्रेगने, म्हणजे माझ्या बॉसने, अखेर माझी लायकी ओळखली. आमच्या बोर्डाने शुक्रवारी, ९ तारखेला, एक नवा नियम पास केला. परदेशात दहा वर्षं लॅबमध्ये काम केलेल्या टेक्निशियनना इथली परीक्षा माफ. आता हा नियम राजधानीत, वेलिंग्टनला, सरकारकडे फाइल करायचा. सोबत एका पानाचं सर्टिफिकेट: मी पूर्ण मजकूर वाचला आहे, बोर्डाने पास केलेला तो हाच आहे, आणि सही करायचा अधिकार मला आहे. खाली सही आणि तारीख. क्रेग म्हणाला, अर्ध्या तासाचं काम. याने कधी सरकारी काम केलेलं दिसत नाही. मी पुण्यात अकरा वर्षं केलंय.

घरी आल्या आल्या नंदाला सांगितलं. पिंपरीच्या लॅबमध्ये तिची अठरा वर्षं गेली, आणि इथे चार वर्षं रेस्ट होमच्या, म्हणजे वृद्धाश्रमाच्या, किचनमध्ये बटाटे सोलतेय. इथल्याच, दहा मिनिटांवरच्या लॅबमध्ये जागा निघालीय. अर्जाची शेवटची तारीख १८ जुलै, तोवर नियम लागू हवा. नियम फाइल झाल्यापासून अठ्ठावीस दिवसांनी लागू होतो, म्हणजे २० जूनला फाइल झाला तरी चालतंय. हीप्स ऑफ टाइम! नंदाला म्हटलं, परीक्षेची पुस्तकं आता रद्दीत टाक, नवरा कशाला आहे? ती म्हणाली, फी भरलीय, वाचते आपली. विश्वास म्हणून नाही.

१४ मे

मजकूर अडतीस पानांचा. दोन वाचली. ‘पूर्ण वाचला आहे’ असं लिहून द्यायचं म्हणजे खायचं काम नाही. रोज पाच पानं, आठ दिवसांत खलास. उद्यापासून.

१९ मे

पाच पानं जरा जास्त होतात. रोज तीन. एक मूलभूत उणीव लक्षात आली: सर्टिफिकेटवर शिक्काच नाही! शिक्क्याशिवाय सर्टिफिकेट म्हणजे मिठाशिवाय वरण. पुण्याला बाळासाहेबाला, माझ्या चुलतभावाला, व्हॉट्सॲप केलं. गोल शिक्का, वर माझं नाव, मध्ये ‘सत्यप्रत’. कुरिअरला तीन आठवडे लागतील म्हणाला. लागू देत. तोपर्यंत वाचन होईल.

२ जून, सोमवार. राजाच्या वाढदिवसाची सुट्टी.

निवांत वाचायचं ठरवलं होतं. अकराव्या पानापर्यंत पोचलो. मग हीट पंपची ऊब लागली, आणि एकदम साडेचार. नंदा गॅरेजमध्ये पुस्तकं मांडून बसलेली. तिथे हीटर नाही. अंगावर दोन स्वेटर आणि माझं जॅकेट. म्हटलं, आत ये की. म्हणाली, आत तुम्ही घोरता. लेक सुरभी सोफ्यावरून, नेहमीसारखं इंग्लिशमध्ये, म्हणाली, की बाबा, एकच तर पान आहे. या पोरांना प्रोसेस कळत नाही.

९ जून

शिक्का आला! काय देखणा उमटतो. जांभळा, गोल, भारदस्त. अडतीसही पानांवर मारला. सर्टिफिकेटवर दोनदा. वाचून अकरा पानं झालीत, पण अकरा पानांत आशय कळतोच. सही ठोकली, स्कॅन करून पाठवलं. पाठ दुखतेय, पण समाधान आहे. नंदाला सांगितलं, झालं तुझं काम.

११ जून

परत आलं. शिक्का तारखेवर बसलाय, तारीख वाचता येत नाही म्हणे. शेजारच्या टेबलावरच्या अनाहेराने फार अदबीने विचारलं की हा गोल प्रकार काय आहे. समजावून सांगितलं. ती म्हणाली, फॉर्मवर शिक्क्याला जागाच नाही, हवं तर मी करून देऊ का? नको म्हटलं. बाईमाणूस चांगली आहे, पण अनुभव कमी.

घरी नंदाने विचारलं, काम झालं होतं ना? म्हटलं, तांत्रिक बाब आहे.

१६ जून, सोमवार

बिनशिक्क्याची प्रत केली. मन मारून. मात्र एक शहाणपणा केला. सर्टिफिकेटवर आजची तारीख घातली असती तर महिनाभर काय करत होतो असा प्रश्न आला असता. म्हणून ८ मे घातली. पुण्यात मार्चअखेरीला आम्ही अशा किती तारखा मागे नेल्या आहेत, कुणाच्या बापाला कळलं नाही. पाठवलं.

१८ जून

परत आलं. वेलिंग्टनच्या बाईंचं पत्र फार गोड आहे. विचारतात, बोर्डाने ९ तारखेला पास केलेला मजकूर तुम्ही ८ तारखेलाच कसा काय प्रमाणित केलात, कृपया खुलासा करावा.

क्रेगने बोलावलं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. ही माणसं ओरडत नाहीत. त्याने चहा करून दिला आणि मी बरा आहे ना, घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. म्हटलं, शुक्रवारी सकाळी तुझ्या पुढ्यात पावती ठेवतो. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

शुक्रवार म्हणजे २० जून. अजून दोन दिवस हातात आहेत.

१९ जून, गुरुवार

आज मात्र झपाटून वाचलं. पहिल्यापासून तीस पानं! मजकूर खरं तर सोपा आहे. बाविसाव्या पानावर नंदासारख्यांची व्याख्या आहे, तिथे जरा गलबलून आलं. उरलेली आठ उद्या सकाळी ताज्या डोक्याने, मग सही, मग पाठवणं. निघताना अनाहेरा म्हणाली, लाँग वीकेंड मजेत घालवा. मी म्हटलं, यू टू. वर इथल्या लोकांसारखं ‘स्वीट ॲज’.

२० जून, शुक्रवार. सकाळी ८.५०.

ऑफिसला कुलूप. पार्किंगमध्ये माझी एकट्याची गाडी. मातारिकीची, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांच्या नववर्षाची, सुट्टी. अख्ख्या देशाला ठाऊक होतं. सुरभीने फ्रिजवर कागद लावला होता म्हणे.

फाइल आत, लॅपटॉप आत. आज पाठवता आलं असतं तरी पावती सोमवारचीच पडली असती. मी गाडीत बसून राहिलो. वारा असा की गाडी हलत होती.

दुपारी २.

नंदाला सांगितलं. आधी म्हटलं, सुट्टी काय मी ठरवली? मग म्हटलं, इकडचं कॅलेंडरच विचित्र. तिने कॅल्क्युलेटरसुद्धा न घेता हिशेब केला. सोमवारपासून अठ्ठावीस दिवस म्हणजे २१ जुलै. लॅबची तारीख १८. तीन दिवस उशीर. मग पुस्तक उचलून गॅरेजमध्ये गेली. मला रडू येत होतं. पण सुरभी समोर होती, म्हणून कांदा चिरायला घेतला.

२३ जून

क्रेगने फाइल अनाहेराला दिली. मीच सुचवणार होतो. तिने नऊला वाचायला घेतलं, मध्ये एकदा कॉफी, सही केली, पाठवलं. अकरा बावन्नला पावती. नशीब असतं एकेकाचं.

२८ जून, शनिवार

नंदाची परीक्षा, वेलिंग्टनला. गाडी मी चालवली. एवढं तरी माझ्या वाट्याला आलं. वाटेत धीर देत होतो, तर म्हणाली, थोडा वेळ गप्प बसाल का? दोन तास गप्प बसलो. माझ्या योगदानाची अशी कुठे नोंद होत नाही.

२१ जुलै

नियम लागू! ऑफिसात केक आणला होता. एक तुकडा नंदासाठी पेपर नॅपकिनमध्ये घेऊन आलो. तिने तो सुरभीला दिला.

२५ जुलै

नंदा पास. चांगल्या मार्कांनी. मी म्हटलं, बघ, माझ्या नियमाची तुला गरजच पडली नाही, हे एका अर्थी माझं… ती म्हणाली, बोलू नका. इथल्या लॅबची जागा भरली. हॅमिल्टनला आहे एक, पाच तासांवर. तिने अर्ज केलासुद्धा. माझ्याकडून तपासून घेतला नाही.

१० ऑगस्ट, रविवार

नंदाला हॅमिल्टनला सोडून आलो. तिथल्या रोटोटुना भागात निवेदिता म्हणून तिची मैत्रीण आहे, तिच्याकडे खोली. उद्यापासून लॅब. खोली छान आहे, ऊन येतं. नंदा कपाट लावताना गुणगुणत होती. चार वर्षांत ऐकलं नव्हतं.

टेबलावर तिचा जॉइनिंगचा फॉर्म भरून ठेवला होता. सवयीने नजर टाकली. बिनचूक. फक्त ‘इमर्जन्सी कॉन्टॅक्ट’समोर निवेदिताचं नाव. म्हटलं, नवरा असताना? अर्थात मी पाच तास लांब, तेव्हा हे व्यवहाराला धरूनच आहे, असंही मीच म्हणालो. तिने हातातली साडी घडी करून ठेवली. म्हणाली, अंतराचं नाही हो. अशा वेळी वेळेवर येणारं कुणीतरी लागतं. रागाने म्हणाली असती तर भांडलो असतो.

रात्री पोचलो. सुरभीने भात लावून ठेवला होता. आई कशी आहे, विचारलं. मराठीत विचारलं. मी म्हटलं, खूश आहे.