आपलाच रफू आपल्याला सापडेना

चाचा,

आज सोमवार, सकाळचे सव्वासात झालेत. दुकानाचं शटर अर्धंच वर केलंय आणि पायरीवर बसून मी एका वकिलाच्या काळ्या कोटावर माझाच रफू शोधतोय. डाव्या बाहीवर, कोपराच्या खाली, सिगारेटच्या ठिणगीनं ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पडलेलं होतं, ते मी शनिवारी संध्याकाळी बुजवलं. आता बाही उजेडाकडे धरून पाहिली, तिरपी करून पाहिली, तरी ती जागा सापडत नाही. आधी मला आनंदच झाला. वाटलं, इतक्या वर्षांनी तुमच्यासारखा हात बसला. मग नांदेडचा तो शालू आठवला आणि आनंद जागच्या जागी विरला. वकीलसाहेब दहाला यायचे आहेत. तोवर दुसरं काही सुचत नाही, म्हणून बिलाच्या कोऱ्या पाठीवर हे लिहायला घेतलं आहे.

मी लोह्याकडून नांदेडला तुमच्या गल्लीत आलो तेव्हा मिसरूड फुटलेलं होतं. शाळा सातवीत सुटली होती, पण अक्षर बरं होतं आणि चूक सहसा होत नसे, म्हणून तुम्ही पहिल्या दिवशी मला सुईऐवजी पेन्सिल दिलीत आणि गिऱ्हाइकांची नावं चिठ्ठ्यांवर लिहायला बसवलंत. दुष्काळाचं वर्ष. शेजारचे टेलर मशीनवर कापड झाकून दिवसभर रस्त्याकडे बघत बसायचे, कारण नवं कापड कुणी घेतच नव्हतं. आपल्याकडे मात्र गर्दी. नवं घेता येत नाही तेव्हा माणूस जुनं जपतो, हे मला तिथं कळलं. कुणाच्या कोटाला कसर लागलेली, कुणाच्या धोतराला उंदरानं कुरतडलेलं. तुम्ही कापडाच्या आतल्या दुमडीतून त्याचेच धागे ओढून काढायचात आणि भोकावर एक वर, एक खाली असं पुन्हा विणायचात. शेजारचे टेलर चिडून म्हणायचे, "चाचा, तुमच्यावर दुष्काळ खूष हाय." तुम्ही म्हणायचात, "खूष कायकू रहेगा? आज उसकी भी पँट फटेली आयी."

आणि तुमचा तो नियम. काम झालं की कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकून तुम्ही मागे रेलून बसायचात. "ढूंढो. मिला तो पैसा नक्को." गिऱ्हाईक बोटं फिरवायचं, डोळे बारीक करायचं, बायकोला बोलवायचं. सगळी गल्ली शोधायला लागायची. कुणाला सापडत नसे. कपडा देण्याआधी मात्र तुम्ही स्वतः एकदा शोधायचात, आणि तुम्हाला सापडला तर उसवून पुन्हा करायचात. माझाही नियम तोच आहे. तेव्हा त्यात काही खोट असेल असं माझ्या मनात आलं नव्हतं.

तुमच्या खिडकीतली ती बाटली मला अजून दिसते. दवाखान्यातून आणलेली सलाईनची काचेची बाटली, पाण्यानं गच्च भरून सुतळीनं टांगलेली. सकाळचं ऊन तिच्यातून आलं की तुमच्या मांडीवरच्या कापडावर रुपयाएवढा लख्ख उजेड पडायचा. तेवढ्या उजेडात तुमची सुई चालायची, कापड सरकवलं तरी उजेड तिथंच. काळं कापड असलं की मांडीवर पांढरा रुमाल, पांढरं असलं की काळा. सुईत दोरा ओवताना दोरा तिरपा कापायचा, चिमटीत अगदी टोक धरायचं आणि सुई दोऱ्याकडे आणायची. मला ती सगळी कामाची रीत वाटायची. त्यातली निम्मी डोळ्यांची काठी होती, हे मला आता, माझेच डोळे दगा द्यायला लागल्यावर कळतंय. नळाला पाणी यायचं नाही तेव्हा चाची आतून ओरडायच्या, "लोगां पीने को पानी नै बोलके रो रैं, और तुमे बाटली में भरके उससे बातां करते बैठे!" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "ये पीने का पानी नै, देखने का है."

मग तो दिवस. नायगावकडचा एक माणूस शालू घेऊन येतो. खडी फोडायच्या कामावरून थेट आलेला, केसांत दगडाची पांढरी धूळ. पोरीचं लग्न लांबवत लांबवत आता चार माणसांत उरकायचं ठरलंय. नवा शालू घेणं होत नाही, आईचाच नेसवायचा, पण पदराजवळ उंदराचं भोक. शालू देऊन तो उभाच राहतो. "चाचा, घोटभर पानी भेटंल का?" माठ कोरडा आहे हे तुम्हाला माहीत आहे, मलाही. तुम्ही उठता, सुतळी सोडता आणि बाटली त्याच्या हातात देता. तो अर्धी पितो, थांबतो, तुमच्याकडे बघतो. "पिओ, पिओ," तुम्ही म्हणता. मोकळी बाटली तुम्ही पुन्हा जागेवर टांगता, जणू ती रिकामीसुद्धा उजेड देणार आहे.

त्या दुपारी तुम्ही बाटलीशिवाय शालू केलात. झाल्यावर दारात नेऊन शोधलात. बराच वेळ. मग हसलात. "देख, मेरेको भी नै मिल रा. अब जाके हात बैठा." मी दोन हात लांब बसलो होतो आणि तिथून मला तो स्वच्छ दिसत होता. जरीच्या बाजूला मुंगी चिरडल्यासारखी बारीक गाठ. बोलावं की न बोलावं, यात किती वेळ गेला कोण जाणे, पण बोललो. "चाचा, इथं आहे." तुमचा चेहरा असा झालेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. "कल का आयेला तू, मेरेको आंखां दिखाता? चिठ्ठ्या लिख." मी चिठ्ठ्या लिहायला बसलो. नावं आधीच लिहून झाली होती, तीच पुन्हा गिरवली.

संध्याकाळी तो माणूस आला. तुम्ही म्हणालात, "ढूंढो," पण मागे रेलला नाहीत. त्याला शोधायचं नव्हतंच. त्यानं फक्त पोरीच्या डोक्यावरून फिरवावा तसा पदरावरून हात फिरवला. खडी फोडून त्या हाताला इतक्या भेगा पडल्या होत्या की रेशमावरून तो खरखरत गेला आणि एका जागी थांबला. "चाचा, हितं काहीतरी अडकलालंय." तुम्ही त्याच्या हाताकडे बघत राहिलात. मग शालू काढून घेतलात आणि म्हणालात, "सबेरे आव. पैसा नक्को." तो गोंधळला. म्हणाला, "अवो, चांगला हाय की. कोन बघतंय लग्नात?" तुम्ही म्हणालात, "बेटी का हात भी फिरेगा ना."

दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही मला हाक मारलीत. तुमच्या वाट्याचं पिण्याचं पाणी बाटलीत भरून झालं होतं. तुम्ही उसवलंत, पुन्हा विणलंत, आणि शालू माझ्या मांडीवर टाकलात. फक्त म्हणालात, "दुश्मन होके देख." मी दुश्मन होऊन पाहिलं, सापडला नाही. मग तुम्ही सांगितलंत ते मी कधी लिहून ठेवलं नाही, तरी शब्द न शब्द आठवतो. "बेटा, अपना काम अपने को दिखना बंद हुआ तो दो बातां रहती. या तो हात साफ हुआ, या आंख गयी. दोनों में खुशी एकच होती. इसलिए उस दिन दूसरे को दिखाना."

नंतरच्या आठवडी बाजारात आपण दोघं चष्मेवाल्याच्या गोणपाटासमोर बसलो होतो. चष्म्यांचा ढीग, एकाचीही काडी सरळ नाही. तुम्ही एकेक चष्मा डोळ्यांवर चढवायचात आणि घरून आणलेल्या सुईत दोरा ओवून बघायचात. चष्मेवाला कावला. "चाचा, चष्मा घ्यायलाव का कपडे शिवायलाव?" शेवटी जो मिळाला तो बाईमाणसाचा, गुलाबी. तो तुम्ही दोऱ्यांच्या डब्यात तळाशी ठेवायचात आणि दारात सावली पडली की काढून डब्यात टाकायचात. चाचींनासुद्धा शेवटपर्यंत सांगितलं नाहीत.

इथं लिहिणं थांबवावं लागलं होतं. आता पुन्हा सोमवार आहे, मधे आठवडा गेला. काय झालं ते सांगतो.

लातूर नवा जिल्हा झाल्यापासून इथं साहेबांची आणि वकिलांची ये-जा वाढली आहे. ज्या टेलरच्या दुकानात एका कोपऱ्यात मी रफूला बसतो, त्या मालकांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "ह्या वकिलाचा कोट नीट गेला तर सगळं कोर्ट आपल्याकडं येतंय. मग हा कोपरा तुझा. न्हाईतर हैदराबादहून माणूस आणतो." मला आज ना उद्या हा कोपरा सोडावा लागेल ही भीती गेलं वर्षभर आहे. संध्याकाळी सुईत दोरा जाईना तेव्हा मी आधी दोऱ्याला दोष दिला, मग सुया बदलल्या, मग स्वतःच्या पैशानं मोठा बल्ब आणला. कापड हळूहळू लांब धरायला लागलो. कपाळ दुखायचं ते उन्हामुळे, असं सगळ्यांना सांगितलं. तिशीतल्या माणसाचे डोळे जात नसतात, असं स्वतःलाही सांगितलं.

त्या सकाळी काज-बटण करणाऱ्या बाई आल्या. आमच्या दुकानात त्या माझ्या शेजारीच बसतात. मला बघून म्हणाल्या, "काय हुडकलालाव भाऊ, सकाळपसनं?" मी कोट त्यांच्यापुढे धरला आणि म्हणालो, "बाई, जरा दुश्मन होऊन बघा." त्या हसल्या. "आता सकाळच्या पारी कुनाशी भांडू?" मग बाहीवर नजर टाकली आणि लगेच बोट ठेवलं. "हे काय, मुंगी बसल्यावानी." मी डोळे मिटून तिथून नख ओढलं. नख अडखळलं. दोन धागे एकावर एक चढले होते.

उसवायला घेणार तोच वकीलसाहेब लवकर आले. मी सांगितलं, "साहेब, आज नाही देता येणार. रफू नीट बसला नाही." त्यांनी कोट ओढून घेतला, जाड भिंगांतून बाही बघितली. "कुठंय? मला तर काहीच दिसत नाही."

"हितं हाय की," बाई म्हणाल्या.

"मला दिसत नाही म्हणजे जजसाहेबांना कुठून दिसणार? त्यांचा चष्मा माझ्याहून जाड!"

नियमानं पाहिलं तर गिऱ्हाइकाला सापडला नव्हता. मालक गल्ल्यावरून हात आडवा हलवत होते, गप्प बस म्हणून. चाचा, तेव्हा गप्प बसणं किती सोपं होतं. मी म्हणालो, "साहेब, आज घालून जा, पण संध्याकाळी परत द्या. पैसे घेणार नाही." ते हसत कोट घालून गेले. मालक मात्र हसले नाहीत. "गिऱ्हाईक खूष होतं, तू कशाला तोंड उघडलास?" मग त्यांनी विचारलं, "तुला दिसंना का काय?" मी हो म्हणालो. पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणालो. ते म्हणाले, "आठ दिवस देतो. त्याच्यावर मला विचारू नको."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डोळे तपासून सांगितलं, नंबर बहुतेक लहानपणापासूनच असणार, इतके दिवस डोळ्यांनी ताणून नेलं, आता ताणवत नाही. आंधळा होणार नाही ना, असं मी त्यांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी पुढचा रोगी बोलावला. चष्मा शुक्रवारी मिळाला. तो लावून मी कापड पाहिलं आणि ताणा-बाणा वेगळा दिसला तेव्हा मला रडू आलं, दुकानात, बाईंच्या समोर. त्यांनी काज करणं थांबवलं नाही, म्हणून बरं झालं. साहेबांनी परत पाठवलेला कोट उसवला आणि पुन्हा केला, मांडीवर पांढरा रुमाल टाकून. बाईंनी डोळ्यांनी शोधला, मग भांडी घासून घासून खरखरीत झालेला हात फिरवला, मग वैतागून म्हणाल्या, "न्हाई बा, गावंना." मालकांनी माझी बैठक शटरजवळच्या उजेडात हलवली.

तुम्ही तर आता नाहीत, म्हणून हा कागद चाचींना पाठवावा असं मनात आलं होतं, कुणीतरी वाचून दाखवलं असतं. पण मग त्या गुलाबी चष्म्याचं त्यांना कळेल, आणि ते सांगायचं तर तुम्हीच सांगायचं होतं. म्हणून दोऱ्यांच्या डब्यात तळाशी ठेवतो.

खर्च झाला तो चष्म्याचा. निम्मे दिले, निम्मे दिवाळीला द्यायचेत. कोटाचे काही घेतले नाहीत, कारण रफू सापडला होता. आणि आज सकाळी वकीलसाहेब कोट न्यायला आले, त्यांची सावली पायरीवर पडली, तेव्हा मी चष्मा काढून डब्यात टाकला.