मेथीच्या जुड्या अन् माहे पाय

मावला,
भर उन्हाळा

तीर्थरूप भगवंतदादाले धाकट्या बहिणीचा, प्रयागचा दंडवत. वहिनीचे गुडघे आता कसे आहेत? बेल्लमपल्लीत ऊन आमच्यापेक्षा जास्तच असेल, जपून राहा. नेहाच्या लग्नाची पत्रिका पोचली, डोळे भरून आले. (फोनच करणार होती, पण फोनवर तुमी नुसतं हो-हो म्हणता अन् ठेवून देता. लिहिलेलं तरी वाचाल.)

माही तब्येत म्हणाल तर सकाळी बरी, दुपारी बेकार. नसांचा हा आजार मोठा हट्टी. जरा ऊन लागलं का पायातलं बळच जाते अन् डोळ्यापुढं धुकं येते. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या अन् खोली थंड ठेवा. म्हणून एसी लावला. आता गार खोलीत बसून लाईटबिल पाहिलं तरी तुमच्या जावईबापूले घाम फुटते.

तेवढ्यात समजलं का एक संस्था अशा रोग्यांचं उन्हाळ्यातलं बिल भरते. अर्ज केला. त्यांचे साहेब घरी मुआयना, म्हणजे तपासणी करायले येणार, असा निरोप आला. आता आमी पडलो भाजीवाले. थंड जागा रिकामी दिसली का आमाले चैन पडत नाही. यजमानानं पलंगाखाली मेथीच्या जुड्या लावल्या, ओल्या पोत्यात. मंग भिंतीकडं पालक. शेजारच्या बयनाबाईनं तिची कोथिंबीर आणली (तिले नाही कसं म्हणावं? उन्हाळ्यात माहे जेवणाचे डबे तीच करून देते). साहेब आले तवा मधात मी अन् चारी बाजूनं पाला. त्यात घरी माणूस आलं म्हणून मी चटकन उठली अन् चहा टाकला. गारव्यात पाय चांगले चालतात ना! साहेबानं चहा घेतला अन् लिहून टाकलं, बाई ठणठणीत, खोलीत भाजीचं गोदाम. अर्ज नामंजूर.

माहं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ऑटो करून त्याच्या ऑफिसात गेली. यजमान म्हणे काऊन जाऊन राह्यली उन्हात. म्हटलं, उन्हातच तर जायाचं आहे. पायऱ्या अर्ध्या चढली अन् मटकन खाली बसली. दोघांनी उचलून साहेबाच्याच एसीत निजवलं. घंटाभरानं उठून त्याच्या टेबलापाशी चालत गेली अन् म्हटलं, सार, हा झाला मुआयना, आता लिवा. बिचाऱ्यानं माही फाईल पुन्हा उघडली. सोमवारी पुन्हा येतो म्हणे, पण खोलीत पाला दिसू नये. मी काही मागं हटत नाही, दादा. चालणं सोडायचं नाही, असं ठरवूनच बसली आहे.

वहिनीले नमस्कार, नेहाले पोटभर आशीर्वाद.

तुमची,
प्रयाग

ता. क. मेथीचा भाव पडला. यजमान म्हणतात सोमवारपर्यंत राहू दे. जुड्या सध्या माह्या गोधडीखाली आहेत, तुमी कोणाले बोलू नका.

आणखी एक. पत्र लिहिलं ते यासाठीच. लग्नाचा मुहूर्त भर दुपारचा काढला तुमी. भटजीले विचारून गोरज मुहूर्त पाहा. पत्रिका छापल्या म्हणाल तर सगळ्या इकडं पाठवा, गार खोलीत बसून मी एकेकीवरची वेळ पेनानं बदलून देते. मले मांडवात खुर्ची ठेवू नका. मी आत्या आहे, नेहावर अक्षता मी उभी राहूनच टाकणार.